ओट्यावर स्वतःचीच सावली: स्वयंपाकघरातील डाउनलाइटची मांडणी कुठे चुकते आणि ती कशी सुधारावी

स्वयंपाकघराचे नूतनीकरण पूर्ण होते, नव्या छतात सहा-आठ डाउनलाइट, म्हणजे छतात बसवलेले आणि खाली झोत टाकणारे दिवे, सरळ रेषेत आणि समान अंतरावर बसवलेले दिसतात, बटण दाबताच सगळी खोली उजळून निघते. आणि पहिल्याच रात्री ओट्यापाशी उभे राहून काही चिरायला घेतले की सुरी जिथे टेकते नेमका तोच भाग अंधारात असतो. ही तक्रार इतक्या घरांतून येते, आणि इतक्या चांगल्या कारागिरांनी केलेल्या कामातही येते, की तिचे खापर वायरमनवर किंवा दिव्यांवर फोडण्यात अर्थ नाही. दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच, कागदावर, होऊन गेलेला असतो. छताचा चौकोन काढला जातो, त्याचे समान भाग केले जातात आणि त्या भागांच्या मध्यावर दिव्यांच्या खुणा केल्या जातात. त्या कागदावर ओटा नसतो, वरची कपाटे नसतात आणि ओट्यापाशी उभे राहणारे माणूसही नसते. छत देखणे दिसावे म्हणून केलेली ही मांडणी हातांना उजेड देईलच असे नाही, कारण दिवा आणि हात यांच्या मध्ये आपले डोके आणि खांदे येतात.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे की डाउनलाइटची जागा छताच्या मध्यापासून नव्हे, तर ओट्याच्या पुढच्या कडेपासून मोजली पाहिजे. बाकीच्या तक्रारी, म्हणजे डोळ्यांवर येणारा झोत, कपाटांवर उमटणाऱ्या कमानी, दिव्यांचे लुकलुकणे, आपोआप बंद होणे, यांचीही कारणे आणि उपाय पुढे दिले आहेत. परंतु त्या तक्रारी दिवा किंवा डिमर (उजेड कमी-जास्त करणारे बटण) बदलून दूर करता येतात. चुकीच्या जागी पाडलेले भोक मात्र सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून जागेचा विचार सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळ देऊन करावा.

आधी दोष नेमका ओळखावा

उजेड कमी पडतो असे वाटले की पहिला विचार जास्त वॅटचे दिवे लावण्याचा येतो. तो काही काळ बाजूला ठेवून रात्री, बाहेरचा उजेड पूर्ण बंद असताना, एक साधी चाचणी करावी. ओट्यावर, जिथे चिरणे, मळणे, निवडणे चालते त्या जागी, पांढऱ्या कागदाचे तीन-चार ताव पसरावेत आणि रोजच्या सवयीप्रमाणे ओट्याला टेकून, किंचित पुढे वाकून उभे राहावे. कागदावर डोक्याची आणि खांद्यांची सावली कुठवर पोहोचते ते पाहावे, मग कोणाला तरी एकेक दिवा पुठ्ठ्याने झाकायला सांगावे. जो दिवा झाकल्यावर ती गडद सावली नाहीशी होते, तो दिवा आपल्या पाठीमागून येत आहे आणि सावलीचे कारण तोच आहे. झाकल्यावर सावलीत काही फरक पडला नाही, पण कागद एकसारखा मंद झाला, तर तो दिवा उपयोगाचा आहे. नंतर बाजूला सरकून पुन्हा पाहावे. आपण बाजूला झाल्यावर कागद स्वच्छ उजळत असेल तर प्रकाश पुरेसा आहे आणि चूक फक्त दिशेची आहे. बाजूला झाल्यावरही कागद मंदच राहत असेल तर मात्र प्रकाश खरोखरच अपुरा आहे. या दोन दोषांचे उपाय वेगळे असल्यामुळे ही पाच मिनिटांची तपासणी टाळू नये.

ज्यांच्याकडे लक्स मोजणारे यंत्र आहे त्यांनी ते कागदाच्या जागी ठेवावे. एका चौरस मीटरवर एक लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) प्रकाश पडला की त्याला एक लक्स म्हणतात. खोलीत वावरण्यासाठी १०० ते २०० लक्स पुरतात, परंतु सुरीने काम करण्याच्या पृष्ठभागावर ३०० ते ५०० लक्स असावेत, आणि घरात वयस्कर माणसे स्वयंपाक करत असतील तर यातील वरचा आकडाच धरावा. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो, कारण वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. तरुण डिझायनरला पुरेसा वाटणारा उजेड त्याच घरातल्या आजीला अपुरा वाटतो तो यामुळे.

सावलीचे गणित

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. खोली अरुंद, २.४ मीटर रुंदीची आहे आणि दिव्यांची एकच रांग बरोबर मध्यावर, म्हणजे भिंतीपासून १२०० मिमीवर आहे. छत २७०० मिमी उंच, ओटा ९०० मिमी उंच आणि ६०० मिमी खोल आहे. उभ्या माणसाची उंची १६०० मिमी असून त्याचे डोके ओट्याच्या कडेच्या बरोबर वर आहे असे धरू. दिवा डोक्यापेक्षा ११०० मिमी उंच आणि ६०० मिमी मागे आहे. दिव्यापासून निघून डोक्याला चाटून जाणारा किरण पुढे आणखी ७०० मिमी खाली उतरून ओट्यावर पोहोचतो आणि तेवढ्या उतरणीत तो ७०० गुणिले ६०० भागिले ११००, म्हणजे सुमारे ३८० मिमी आत सरकतो. याचा अर्थ ६०० मिमी खोल ओट्यापैकी पुढचा ३८० मिमी भाग सावलीत जातो आणि उजेड पडतो तो फक्त मागच्या २२० मिमीवर, जिथे आपण डबे ठेवतो. दिवा दुप्पट प्रखर केला तरी या आकड्यात काहीही बदल होत नाही. उलट उजळलेली भिंत आणि काळोखा पाट यांतील तफावत वाढून डोळ्यांना अधिक त्रास होतो.

आता तोच दिवा भिंतीपासून ६०० मिमीवर, म्हणजे ओट्याच्या कडेच्या डोक्यावर आणून पाहू. डोके कडेच्या वर असेल तर सावली जवळजवळ सरळ खाली, कडेवर आणि आपल्याच अंगावर पडते आणि ओटा मोकळा राहतो. माणूस १०० मिमी पुढे वाकले तर ओट्याचा पुढचा साधारण १६५ मिमी भाग झाकला जातो, परंतु शेजारचे दिवे उजव्या-डाव्या बाजूंनी तो भरून काढतात. म्हणून कामाच्या रांगेत दिवे फार विरळ ठेवू नयेत. ९०० ते १००० मिमी हे अंतर मला योग्य वाटते, कारण त्यात कुठेही उभे राहिले तरी दोन्ही खांद्यांच्या बाजूने एकेक दिवा मिळतो.

मग दिवा आणखी भिंतीकडे का नेऊ नये, असा प्रश्न साहजिकच येतो. त्याचे उत्तर वरच्या कपाटांत आहे. कपाट ३५० मिमी खोल आहे आणि त्याचा तळ जमिनीपासून १५०० मिमीवर आहे असे धरले, तर ६०० मिमीवरचा दिवा कपाटाच्या पुढच्या खालच्या कडेला चाटून ओट्यावर भिंतीपासून २२५ मिमीपर्यंत पोहोचतो. दिवा ५०० मिमीवर नेला की ही अंधारी पट्टी २७५ मिमीची होते, शिवाय झोत कपाटाच्या दारांवर घासून जातो. थोडक्यात, दिवा मागे घेतला तर आपली सावली पुढे येते आणि पुढे नेला तर कपाटाची सावली वाढते. या दोहोंतील तडजोड भिंतीपासून ५५० ते ६५० मिमी या अरुंद पट्ट्यात सापडते, आणि तिथेही कपाटाखालचा मागचा भाग छतावरच्या दिव्याने पूर्ण उजळत नाही. तो भाग कपाटाखालच्या एलईडी पट्टीनेच उजळावा लागतो. ज्या भिंतीवर वरची कपाटे नाहीत तिथे मात्र दिवा भिंतीपासून ४५० ते ५०० मिमीवर आणायला हरकत नाही, आणि सिंक खिडकीखाली असेल तर त्याच्या मध्यावर याच अंतराने एक स्वतंत्र दिवा द्यावा.

आपल्या घरातील आकडे यापेक्षा वेगळे असतील. ओटा, कपाट, छत आणि घरात सर्वांत जास्त वेळ ओट्यापाशी उभे राहणाऱ्या व्यक्तीची उंची मोजून भिंतीचा उभा छेद कागदावर १:१० या प्रमाणात काढावा आणि पट्टीने किरणांच्या रेषा ओढाव्यात. एवढे केले की कोणत्याही सूत्राची गरज उरत नाही.

दिवे आधीच बसलेले असतील तर

बहुतेकांचा प्रश्न हाच असतो, म्हणून यावर स्पष्ट बोलतो. तिरपे करता येणारे डाउनलाइट जुन्याच भोकात बसतात आणि ते ओट्याकडे वळवले की काम होईल असे सुचवले जाते. पाठीमागच्या दिव्याच्या बाबतीत हा उपाय फसतो, कारण झोत वळवला तरी उगम तिथेच राहतो आणि किरणाला आपल्या डोक्यावरूनच जावे लागते. सावली उलट अधिक ठळक होते. तिरपे दिवे उपयोगी पडतात ते दिवा ओट्याच्या टोकाला, म्हणजे आपल्या बाजूला असेल तेव्हा.

खरा उपाय कपाटाखालच्या पट्टीचा आहे आणि छत न फोडता करता येणाऱ्या उपायांत मी त्यालाच पहिले स्थान देतो. पट्टी कपाटाच्या तळाला पुढच्या कडेजवळ, दर्शनी पट्टीच्या आड बसवावी, म्हणजे प्रकाश ओट्याच्या पूर्ण खोलीवर पसरतो आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांना दिव्याचा उगम दिसत नाही. अनेक ठिकाणी ती भिंतीला लागून बसवलेली दिसते. त्याने टाइल्स झळाळतात आणि ओटा मंद राहतो. पट्टी ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, दुधी आवरणाखाली असावी, कारण चकचकीत दगडाच्या ओट्यात उघड्या पट्टीच्या प्रत्येक ठिपक्याचे प्रतिबिंब दिसते आणि ॲल्युमिनियम उष्णताही बाहेर काढते. मीटरमागे ४०० ते ६०० लुमेन साधारण पुरतात. लांबी जास्त असेल तर १२ व्होल्टऐवजी २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. मीटरला १० वॅट या हिशेबाने ५ मीटरच्या पट्टीतून १२ व्होल्टवर ४ अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो, तर २४ व्होल्टवर त्याच्या निम्मा. प्रवाह जितका जास्त तितका वाटेतला व्होल्टेजचा ऱ्हास जास्त आणि पट्टीचे दूरचे टोक तितके मंद. पट्टी आधीच बसलेली असून तिचे शेवटचे टोक पिवळट-मंद दिसत असेल, तर दुसऱ्या टोकालाही त्याच ड्रायव्हरवरून (एलईडीला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या डबीवरून) पुरवठा जोडल्याने फरक पडतो.

वरची कपाटेच नसतील, तर मात्र दिव्यांची रांग हलवण्याला पर्याय फारसा नाही. जिप्समच्या छतात जुने भोक बुजवताना त्याच्या मागे आडवी पट्टी स्क्रूने बसवावी, तिच्यावर त्याच जाडीच्या बोर्डाची चकती घट्ट करावी, सांध्यावर जाळीची टेप आणि लांबी (पुट्टी) भरून घासावे, आणि रंग तेवढ्याच ठिगळाला न देता पूर्ण छताला द्यावा, नाहीतर तिरप्या उजेडात ठिगळ कायम दिसत राहते. छत न फोडायचे असेल तर भिंतीवर, ओट्याच्या वर, बाहेर आलेले दिवे किंवा जुन्या एका पॉइंटवरून वायर घेऊन ओट्याच्या कडेवर नेलेली ट्रॅकची दांडी हेही मार्ग आहेत. दिसायला ते सर्वांना आवडतील असे नाही, पण हातांवर उजेड पाडतात.

झोताचा कोन आणि दिव्यांची संख्या

दिव्याच्या खोक्यावर वॅट ठळक छापलेले असतात आणि कोन बारीक अक्षरांत, प्रत्यक्षात आराखड्यासाठी कोन आणि लुमेन महत्त्वाचे. मध्याच्या निम्मी तीव्रता ज्या कोनावर उरते तो झोताचा कोन. ओट्यापासून १.८ मीटर उंचीवरच्या दिव्याचा कोन २४ अंश असेल तर ओट्यावर सुमारे ०.७५ मीटर व्यासाचे वर्तुळ उजळते, ३६ अंशांला १.१५ मीटरहून थोडे अधिक, आणि ६० अंशांला जवळपास २.१ मीटर. कामाच्या रांगेसाठी ६० अंशांच्या आसपासचा कोन मला सर्वांत निर्धोक वाटतो, कारण शेजारची वर्तुळे एकमेकांवर पुरेशी चढतात आणि एक दिवा गेला तरी मध्ये खड्डा पडत नाही. अरुंद कोनाचे दिवे दुकानातल्या मांडणीत आकर्षक दिसतात. स्वयंपाकघरात त्यांनी उजेडाची बेटे तयार होतात. १०० अंशांहून रुंद असलेले चपटे पॅनेल भिंती उजळतात पण डोळ्यांवरही येतात.

तीव्रतेचा अंदाज घेण्यासाठी दिव्याच्या माहितीपत्रकातील मध्याची कँडेला (त्या दिशेतील प्रकाशाची तीव्रता) मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावी. मध्यावर ९०० कँडेला देणारा दिवा १.८ मीटरवर सुमारे २८० लक्स देतो, आणि तोच २.१ मीटरवर फक्त २०४. छत एक फूट उंच गेले की जवळपास चौथा हिस्सा प्रकाश गेला, हे उंच छताच्या घरांनी ध्यानात ठेवावे.

एकूण संख्या ठरवताना खोलीचे क्षेत्रफळ आणि हवे ते लक्स यांचा गुणाकार करून तो ०.५ ने भागला की घरगुती हिशेबाला पुरेसा आकडा मिळतो. हा भागाकार भिंतींत शोषला जाणारा आणि धूळ-तेलाच्या थराने कमी होणारा प्रकाश गृहीत धरतो. १२ चौरस मीटरच्या खोलीत १५० लक्ससाठी ३६०० लुमेन, म्हणजे ६०० लुमेनचे सहा दिवे. कपाटे गडद रंगाची आणि ओटा काळ्या दगडाचा असेल तर एक-दोन दिवे वाढवावेत. हे दिवे ओट्यांच्या कडांवर वाटून झाल्यावर मध्यभागासाठी काही उरतात का ते पाहावे. लहान स्वयंपाकघरात बहुधा एकही लागत नाही, आणि मध्यभागी छत कोरे राहिले तर त्यात वावगे काही नाही.

डोळ्यांवर येणारा झोत आणि कपाटांवरच्या कमानी

कपाटांच्या दारांवर वरून अर्धवर्तुळाकार कमानी दिसतात तेव्हा दिवा कपाटाला फार जवळ असतो किंवा त्याचा कोन फार अरुंद असतो. कपाटाच्या दर्शनी बाजूपासून दिवा २०० मिमीहून जवळ असेल तर ही खूण जवळजवळ हमखास दिसते. भोक हलवता येत नसेल तर अधिक रुंद कोनाचा, दुधी काचेचा दिवा लावल्याने कमानीची कड विरते. दार उघडल्यावर दिव्याला ते आडवे येते का हेही पाहावे; वर उचलून उघडणारी दारे छताजवळ येतात आणि उघडी असताना ओट्यावरचा उजेड पूर्ण अडवतात.

डोळे दिपण्याची तक्रार असेल तर दिवा कडेपासून आत खोल बसलेला, ३० ते ४० मिमी मागे भिंग असलेला घ्यावा. नितळ पॉलिश केलेल्या ओट्यात दिव्याचे प्रतिबिंब थेट डोळ्यांत येते, त्यालाही असाच दिवा उपयोगी पडतो.

दिवे लुकलुकतात, बंद होतात किंवा बंद करूनही मिणमिणतात

येथून पुढचे काम विजेचे आहे. एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री केल्याशिवाय छतातील कोणत्याही जोडाला हात लावू नये, आणि कायम वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. दोष कोणता आहे हे मात्र आपण स्वतः बरेचसे ओळखू शकतो.

सर्व डाउनलाइट एकाच वेळी लुकलुकत असतील आणि त्यांना डिमर असेल, तर पहिला संशय डिमरवर घ्यावा. जुने डिमर तापणाऱ्या तारेच्या बल्बसाठी बनलेले असतात आणि त्यांना चालण्यासाठी किमान काही वॅटचा भार लागतो. ७ वॅटचे सहा दिवे मिळून ४२ वॅट होतात आणि डिमर खाली आणल्यावर तेवढाही भार उरत नाही. वायरमनकडून डिमरच्या जागी काही दिवस साधे बटण लावून घ्यावे. लुकलुकणे थांबले तर एलईडीसाठी बनवलेला, विजेच्या लाटेची मागची कड कापणारा (ट्रेलिंग-एज) डिमर आणि त्याच्याशी जुळणारा, डिम होणारा ड्रायव्हर अशी जोडी घ्यावी. ड्रायव्हरवर डिम होत असल्याचा उल्लेख नसेल तर कोणताही डिमर त्याला चालणार नाही.

एकच दिवा लुकलुकत असेल तर त्याचा ड्रायव्हर शेजारच्या तशाच दिव्याच्या ड्रायव्हरशी अदलाबदल करून पाहावा. दोष ड्रायव्हरबरोबर हलला तर ड्रायव्हर बदलावा. तसे नसेल तर दिवेही अदलाबदल करून पाहावेत; दोष दिव्याबरोबर हलला तर दिवा बदलावा, आणि जागेपाशीच राहिला तर तिथला जोड सैल आहे. यासाठी दोन्ही ड्रायव्हरांचा मिलिअँपिअरचा आकडा एकच असल्याची खात्री करावी. घरातले सगळेच दिवे, मोठे यंत्र सुरू होताना, कमी-जास्त होत असतील तर हा डाउनलाइटचा प्रश्न नाही; न्यूट्रलचा जोड सैल असण्याची शक्यता असते आणि त्यात आगीचा धोका असल्याने तपासणीला उशीर करू नये.

अर्ध्या-एक तासाने दिवा आपोआप बंद होऊन काही वेळाने पुन्हा लागणे, ही उष्णतेची खूण आहे. दिव्यात किंवा ड्रायव्हरमध्ये तापमान वाढले की पुरवठा तोडणारे संरक्षण असते आणि ते आपले काम करत असते. छताच्या पोकळीत डोकावले तर बहुधा दिव्यावर उष्णतारोधक आवरण पसरलेले किंवा ड्रायव्हर थेट दिव्याच्या उष्णता काढणाऱ्या धातूच्या पात्यांवर टेकलेला सापडतो. ड्रायव्हर बाजूला, मोकळ्या हवेत सरकवावा. आवरणाला चिकटून चालण्याची परवानगी ज्याच्या माहितीपत्रकात नाही, त्या दिव्याभोवती उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सोडलीच पाहिजे. ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य दर १० अंश सेल्सिअसच्या वाढीने ढोबळमानाने निम्मे होते. वर्षा-दोन वर्षांत एकामागून एक दिवे जात असतील तर दिव्यांच्या दर्जाआधी पोकळीतील उष्णता तपासावी. शेगडीच्या थेट वर डाउनलाइट न देण्याचे कारणही तेच आहे, त्यात वाफ आणि तेलाची भर. चिमणीचा स्वतःचा दिवा तिथे पुरतो, आणि शेगडीच्या जवळपासचे दिवे पुढून बंद, किमान आयपी४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाच्या) दर्जाचे असावेत.

बटण बंद असूनही रात्री दिवे अंधुक मिणमिणतात तेव्हा अनेकांना भीती वाटते. बटणात बारीक सूचक दिवा असेल तर त्यातून झिरपणारा अल्पसा प्रवाह एलईडीला तेवढे तेज द्यायला पुरतो. सूचक दिवा नसलेले बटण लावले की हे थांबते. लांब अंतर शेजारी धावणाऱ्या वायरींमुळेही असे घडते आणि त्यासाठी दिव्याला समांतर जोडायचा छोटा कपॅसिटर मिळतो. मात्र बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडले गेले असेल तर तो धोकादायक दोष आहे, कारण बटण बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज पोहोचलेला असतो. वायरमनने आधी हे तपासून मगच बाकीचे उपाय करावेत.

प्रकाशाच्या रंगाविषयी एवढेच सांगतो की डाउनलाइट आणि कपाटाखालची पट्टी यांचे केल्विन (प्रकाशाची छटा सांगणारा आकडा) एकच असावेत. ३००० आणि ४००० यांतील निवड आवडीची आहे, दोन्ही एकत्र मात्र वाईट दिसतात. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा) ९० किंवा अधिक घ्यावा, म्हणजे अन्नाचा ताजेपणा आणि शिजल्याचा रंग डोळ्यांना खरा दिसतो. सर्व दिवे एकाच खेपेचे घ्यावेत आणि दोन जास्तीचे ठेवून द्यावेत, कारण तीन वर्षांनी तोच रंग मिळेल याचा भरवसा धरता येत नाही.

भोक पाडण्यापूर्वी

ज्यांचे छत अजून उघडे आहे त्यांच्यासाठी क्रम असा सुचवतो. प्रथम ओटा आणि कपाटे यांचा अंतिम आराखडा पक्का करावा आणि त्यांच्या कडा जमिनीवर खडूने आखाव्यात. ओळंबा किंवा लेझर वापरून ओट्याची पुढची कड छतावर उचलावी. दिव्यांची रांग याच रेषेवरून ठरते. मग छतातील आधाराच्या पट्ट्या, हवेची नळी, पाण्याचे पाइप कुठे आहेत ते पाहावे. लाकडी तुळया साधारण ४०० किंवा ६०० मिमीवर असतात आणि फॉल्स सीलिंगच्या चॅनेललाही ठरलेले अंतर असते, त्यामुळे एखादी खूण नेमकी पट्टीवर येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी दिवा ओट्याच्या लांबीच्या दिशेने १०० मिमी इकडे-तिकडे सरकवला तर कामाला काही फरक पडत नाही. तो खोलीच्या मध्याकडे मात्र सरकवू देऊ नये, आणि दिव्यासाठी तुळई किंवा चॅनेल कधीही कापू देऊ नये. पोकळीची उंची दिव्याच्या उंचीपेक्षा निदान ५० मिमीने जास्त हवी.

भोकाचा व्यास दिव्याच्या बाहेरच्या कडीवरून नव्हे, माहितीपत्रकात कटआउट म्हणून दिलेल्या आकड्यावरून घ्यावा. १०५ मिमी कडीच्या दिव्याचे कटआउट ९० मिमी असू शकते, आणि ही गफलत एकदा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) फिरल्यावर दुरुस्त होत नाही. ड्रायव्हर त्याच भोकातून वर जातो का हेही जमिनीवरच पाहून घ्यावे.

यानंतर मी ज्या चाचणीला सर्वांत जास्त मान देतो ती करावी. रात्री, खुणांच्या जागी दोन-तीन दिवे तात्पुरत्या वायरीवर वायरमनकडून टांगून घ्यावेत, ओट्याच्या उंचीचे टेबल कडेच्या रेषेला लावावे, त्यावर पांढरा कागद आणि लाकडी पाट ठेवावा, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला तिथे उभे करावे. उंच आणि ठेंगणी अशा दोन्ही माणसांची सावली तपासावी. खुणा हलवायच्या असतील तर त्या याच रात्री हलवाव्यात, कारण या टप्प्यावर त्यासाठी फक्त पेन्सिल लागते.

बटणे कामाची रांग, कपाटाखालची पट्टी आणि मध्यभाग यांसाठी वेगवेगळी घ्यावीत. प्रत्येक दिव्यापाशी सुमारे अर्धा मीटर जादा वायर वेटोळे करून ठेवावी, म्हणजे पुढे दिवा खाली ओढून ड्रायव्हर बदलता येतो. बोर्ड बंद होण्याच्या आदल्या दिवशी मोजपट्टी धरून संपूर्ण छताची छायाचित्रे काढावीत आणि भिंतीपासूनची अंतरे त्यांवर लिहून ती घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावीत.